तांबं साठतं तेव्हा

मुलाला कावीळ झाली, उतरवून आणली, आता बरा आहे. नवी मुंबईत बोनकोडे गावठाणातल्या जुन्या घरांत काय किंवा लगतच्या कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या इमारतींत काय, हे बोलणं ऐकून कुणी चमकत नाही. चमकण्यासारखं त्यात बहुधा काही नसतंही. मुलांची कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए या विषाणूची असते, दूषित पाण्यातून येते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पण एखाद्या घरात तीच कावीळ वर्षा-दोन वर्षांनी परत येते. मग पायांवर सूज दिसते. मग वहीतलं अक्षर बिघडतं, पेला उचलताना हात थरथरतो, बोलणं जड होतं. तोवर पहिली कावीळ घरातले विसरून गेलेले असतात, आणि अक्षर बिघडल्याची तक्रार घेऊन यकृताच्या डॉक्टरकडे कोण जाणार?

या सगळ्या तक्रारी एकाच मुलात, एकाच कारणाने होऊ शकतात. त्या कारणाचं नाव विल्सनचा आजार. तो आनुवंशिक आहे, मेंदूचे काही भाग त्यात झिजतात, म्हणून त्याची गणना मेंदूच्या आजारांत होते. मात्र तो मेंदूत सुरू होत नाही.

"मेंदूचा आजार, त्याचा पोटाशी काय संबंध?"

शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं: मोठ्या माणसाला दिवसाला एक मिलिग्रॅमच्या आसपास. साध्या डाळ-भात-भाकरीतून तेवढं मिळतं, थोडं जास्तही मिळतं. जास्तीचं तांबं यकृत पित्तात सोडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. हे काम एटीपी७बी नावाच्या प्रथिनाकडे असतं. त्याचा जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे आणि तो १९९३ साली सापडला. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आलेल्या प्रती बिघडलेल्या असल्या तर तांबं बाहेर पडायची वाट बंद होते. खाजणाच्या बांधाची उघाडी अडकली की पाणी आधी शेतात तुंबतं आणि मग वस्तीकडे सरकतं, तसंच इथे घडतं. आधी यकृत भरतं. ते भरलं की तांबं रक्तात उतरतं आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंडं, हाडं, सांधे, हृदय अशा जागी साचत जातं.

लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी १९१२ साली या आजारावर सविस्तर लिहिलं. मेंदूच्या तळाकडचा एक भाग झिजलेल्या रुग्णांचं यकृतही कठीण, गाठाळ झालेलं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या रुग्णांनी हयातीत यकृताची तक्रार जवळजवळ केलेलीच नव्हती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हेच चाललं होतं: हात थरथरतो म्हणून सगळं लक्ष डोक्याकडे, आणि पोटातला अवयव मुकाट्याने निकामी. तांबं हेच मूळ कारण आहे, याची खात्री पटायला १९४८ साल उजाडलं.

मेंदूचे इतर आनुवंशिक आजारही डोक्यापुरते थांबत नाहीत. हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ साली ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात मुलांची चाल अडखळते, पण अनेकदा जीव जातो तो हृदयामुळे. हृदयाचा स्नायू जाड होत जातो, काहींना मधुमेह होतो, पाठीचा कणा वाकतो. हंटिंग्टनच्या आजारातलं सदोष प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत तयार होतं, आणि भरपूर खाऊनही रुग्णाचं वजन उतरत राहतं. या सगळ्यांत विल्सनबद्दल मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण इथे वेळेवर निदान झालं तर हाती करण्यासारखं खूप काही असतं.

"कावीळच आहे, उतरवून घ्या."

कावीळ उतरवताना गळ्यात किंवा डोक्यावर घातलेली माळ लांबत जाते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं. माळ सैल गाठींची असते, म्हणून ती लांबते. हातांना आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग होतो, म्हणून पाणी पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे वर्षानुवर्षं करून दाखवत आले आहेत. तरीही उतरवणाऱ्यावरचा विश्वास टिकतो. विषाणूची कावीळ जाणारच असते आणि ती गेल्याचं श्रेय माळेला मिळतं, एवढंच त्याचं कारण.

विल्सनमध्ये हाच विश्वास घातक ठरतो. इथेही काविळीचा एखादा झटका पूर्ण ओसरू शकतो. डोळे पांढरे होतात, भूक लागते, मूल शाळेत जाऊ लागतं. आत यकृताचं निबर होणं मात्र चालूच असतं. मूल साधारण पाच वर्षांचं झाल्यापासून पुढे कधीही कारण न सापडलेली कावीळ, यकृताच्या चाचण्यांत सतत वाढलेले आकडे, पोटात पाणी, विषाणूंच्या तपासण्या कोऱ्या, असं चित्र दिसलं की विल्सन मनात यायला हवा. काविळीबरोबर रक्तही झपाट्याने कमी होत असेल तर अधिकच घाई करावी लागते. यकृतातून एकदम बाहेर पडलेलं तांबं लाल पेशी फोडतं. अशा रुग्णाचं यकृत काही दिवसांतच कोलमडू शकतं आणि मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही.

इथे एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. यकृतासाठी घरोघरी घेतली जाणारी आरोग्यवर्धिनी वटी पारंपरिक पाठानुसार ताम्रभस्म घालून बनवतात. ताम्रभस्म म्हणजे तांबंच. इतरांच्या बाबतीत त्याचे गुणदोष काय, तो वाद वेगळा. पण ज्याच्या यकृतातून तांबं बाहेरच पडत नाही, त्याला कावीळ झाली म्हणून ही गोळी देणं म्हणजे आजारात भर घालणं. आयुर्वेदाच्या वैद्यांकडे जाणाऱ्या घरांनी निदानाचा कागद त्यांनाही दाखवावा. मेडिकलमधून आणलेल्या, खनिजं असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही तांबं लिहिलेलं असतं. तेही वाचून घ्यावं.

"डोळे तपासले, नंबर नाही निघाला."

नंबर निघणारच नाही. विल्सनची डोळ्यातली खूण दृष्टी बिघडवत नाही. बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी, कधी हिरवट झाक असलेलं कडं दिसतं. कॉर्नियाच्या आतल्या पडद्यात साठलेलं ते तांबं असतं. कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी अनुक्रमे १९०२ आणि १९०३ साली ते नोंदवलं, म्हणून त्याला कायझर-फ्लायशर कडं म्हणतात. गडद तपकिरी डोळ्यांत, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांत, ते नुसतं बघून सहज कळत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प लागतो. तो नेत्रतज्ज्ञाकडे असतोच, पण काय शोधायचं आहे हे त्यांना आधी सांगावं लागतं. हातपाय थरथरण्यापर्यंत आजार गेला असेल तर बहुतेक सगळ्यांत हे कडं सापडतं. आजार यकृतापुरता असेल तेव्हा साधारण निम्म्यांतच सापडतं, म्हणून कडं नाही म्हणजे आजार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. उपचार नीट चालले की ते हळूहळू पुसट होतं.

हाडांबद्दल तर मुंबईच्या डॉक्टरांनी फार आधी लिहून ठेवलं आहे. दराब दस्तूर आणि नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या १६ कुटुंबांतल्या विल्सनच्या रुग्णांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. भारतातल्या रुग्णांत हाडांच्या आणि सांध्यांच्या तक्रारी ठळक दिसतात, हे इथल्या डॉक्टरांच्या लेखनातून पुढे येत गेलं. गुडघे दुखतात, पाय वाकतात, किरकोळ पडण्यात हाड मोडतं. मूत्रपिंडाच्या नळ्यांत तांबं बसलं की फॉस्फेट आणि इतर क्षार लघवीतून वाया जातात आणि मुडदूस झाल्यासारखी हाडं मऊ पडतात. अशा मुलाला कॅल्शियमच्या गोळ्या आणि कोवळं ऊन सांगितलं जातं आणि प्रकरण तिथेच मिटतं. मुतखडा, मुलींची पाळी थांबणं, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, हृदयाचे अनियमित ठोके हेही या आजाराच्या यादीत आहेत. ते कमी आढळतात म्हणून त्यांवर इथे थांबत नाही.

"पोरगा बिघडलाय" आणि "बाहेरचं आहे"

दहावीच्या सुमारास हुशार मुलाचे गुण घसरतात. चिडतो, लाळ गळते, चेहऱ्यावर विचित्र हसू थिजल्यासारखं राहतं, बोलणं कळत नाही. शाळा म्हणते लक्ष नाही, वडील म्हणतात संगत वाईट, आजी म्हणते कुणीतरी केलंय, भगताला दाखवा. आजीची चिंता खरी असते, तिला हसण्यात अर्थ नाही. फक्त भगताच्या फेऱ्यांत जे महिने जातात तेवढे महिने तांबं साठत राहतं. स्वभावात बदल हे या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि अशी मुलं मानसोपचाराच्या औषधांवर बराच काळ राहतात. त्यातली काही औषधं हातापायांचा ताठरपणा वाढवतात, मग तो ताठरपणा औषधाचाच, असं समजून आणखी वेळ जातो.

बंगळुरूच्या निम्हान्सने २००७ साली तीन दशकांतल्या २८२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एवढे रुग्ण एका संस्थेत! आजार विरळा आहे, साधारण तीस हजारांत एक असा त्याचा ढोबळ अंदाज सांगतात, पण शोधणारे डोळे असले की तो दिसतो.

"रक्तातलं तांबं तपासलं, कमीच आलं."

बरोबर आहे, बहुधा कमीच येतं. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि विल्सनमध्ये तेच प्रथिन कमी असतं. म्हणून एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, अपायकारक तांबं वाढलेलं असतं. निदान एका चाचणीवर होत नाही. सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, स्लिट लॅम्प, गरजेनुसार मेंदूचा एमआरआय, यकृताचा तुकडा आणि जनुकीय तपासणी हे सगळं जुळवून पाहावं लागतं.

"तांब्यातलं पाणी प्यायल्याने झालं."

या गैरसमजात अर्धं तथ्य आहे आणि ते अर्धं महाराष्ट्रातच सिद्ध झालं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पूर्वी आपल्याकडे तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं आणि मूल काही महिन्यांत दगावायचं. वैद्यकात त्याला इंडियन चाइल्डहुड सिरोसिस म्हणतात. एकाच घरात दोन-तीन मुलं जायची, म्हणून तोही घराण्याचा दोष मानला जायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या आहाराची बारकाईने विचारपूस केली. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलं ते असं: या बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं होतं. दुधातलं केसिन तांबं धरून ठेवतं. ज्या पातेल्याची कल्हई उडाली आहे, त्यातून ते तांबं बाळाच्या पोटात जायचं. बाळांच्या यकृतातलं तांबं विल्सनच्या रुग्णांपेक्षाही जास्त भरायचं. पुढे स्टीलची आणि अॅल्युमिनियमची भांडी आली, अंगावरच्या दुधाचा आग्रह वाढला आणि हा आजार जवळजवळ नाहीसाच झाला. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात ठेवावी.

म्हणजे भांड्यातल्या तांब्यामुळे यकृत बिघडत असे, हे खरं. पण तो आजार वेगळा. विल्सन भांड्यामुळे होत नाही. ज्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, त्याने आयुष्यात तांब्याचं भांडं पाहिलं नाही तरी रोजच्या जेवणातलं तांबं त्याच्या यकृतात साठतच राहणार. निदान झाल्यावर मात्र तांब्याच्या लोट्यातलं पाणी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यातला स्वयंपाक बंद करायला सांगतात. ताक, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांचा कल्हई नसलेल्या भांड्याशी संबंध तर कुणीच येऊ देऊ नये.

"चिंबोरी सोडली की बरा होईल."

खाडीकाठच्या माणसाला ही बंदी जाचते. खाडीतल्या खाण्यात तांबं सगळ्यात जास्त असतं ते कालवांत. मग खेकडे, चिंबोऱ्या आणि इतर कवचाचे जीव येतात. प्राण्याची कलेजी, काजू-तिळासारख्या बिया, चॉकलेट, मशरूम हेही यादीत असतात. बोंबील, सुरमई, बांगडा असल्या माशांना तशी हरकत नसते. उपचाराच्या पहिल्या वर्षी ही पथ्यं कडक पाळायला सांगतात, पुढे बरीच सैल करतात, मात्र कलेजी आणि कवचाचे जीव यांबाबत सावध राहायला सांगतात. यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. चिंबोरी सोडून, गोळ्याही सोडून "पथ्यावर" ठेवलेला रुग्ण बिघडतच जातो.

"वंशाचा आजार, त्यावर औषध कुठलं?"

औषध आहे आणि ते सत्तर वर्षांच्या आसपास जुनं आहे. केंब्रिजच्या जॉन वॉल्श यांना पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत पेनिसिलामाइन सापडलं होतं. हा पदार्थ तांबं धरून लघवीवाटे बाहेर नेईल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पहिला डोस स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला आणि १९५६ साली ते प्रसिद्ध केलं. त्याआधी हा आजार जवळजवळ हमखास मृत्यूकडे नेत असे. पेनिसिलामाइन न सोसणाऱ्यांसाठी ट्रायएन्टिन आहे. जस्त आतड्यातच तांबं अडवतं. ही औषधं उपाशीपोटी घ्यायची असतात, आणि पेनिसिलामाइनबरोबर ब६ जीवनसत्त्वही देतात. मेंदूची लक्षणं असलेल्यांपैकी काहींची तब्येत सुरुवातीच्या आठवड्यांत उलट बिघडते. हे आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरून औषध थांबवतात.

ट्रायएन्टिन फार महाग होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या आहेत आणि वर्षाचा खर्च २.२ कोटी रुपयांवरून २.२ लाखांवर आला आहे. घसरण मोठी आहे, पण खोलीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या गावठाणातल्या कुटुंबाला दोन लाखही दोन लाखच असतात. विरळा आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत परळच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे, हे नवी मुंबईकरांना माहीत असायला हवं.

बरं वाटू लागल्यावर गोळी सोडणं हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार. औषध जन्मभराचं असतं. सोडल्यावर काही महिने काहीच होत नाही, म्हणून सोडणाऱ्याला आपलं बरोबर वाटतं, आणि मग यकृत एकाएकी निकामी होऊ शकतं. गरोदरपणातही औषध पूर्ण बंद करत नाहीत, डॉक्टर मात्रा कमी करतात.

"आईच्या घराण्यातून आलंय."

दोन्हीकडून आलंय. नाहीतर आजार झालाच नसता. एकच बिघडलेली प्रत असलेला माणूस निरोगी असतो आणि साधारण नव्वदांत एक जण असा वाहक असतो, असं मानतात. त्यामुळे सुनेला बोल लावणं नुसतं वाईटच नाही, चुकीचंही आहे. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालं असेल तर एकाच आजी-आजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच पक्का आहे: विल्सनच्या रुग्णाचं लग्न करू नये, मुलं तशीच होतील. नात्याबाहेर लग्न केलं तर रुग्णाच्या मुलाला हा आजार होण्याची शक्यता दीडशे-दोनशेत एक एवढीच असते. मूल वाहक मात्र नक्की असतं, पण वाहक आजारी नसतो.

"धाकटीला काही झालेलं नाही."

एका मुलाचं निदान झालं की सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. ती चालण्या-बोलण्यात कितीही धडधाकट असली तरी. आई-वडील थोरल्याच्या धावपळीत असतात आणि धाकटीची तपासणी मागे पडते. मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी बोभाटा होईल या भीतीने ती मुद्दामही मागे टाकली जाते. तान्ह्या बाळात सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असतं, म्हणून ती चाचणी वर्ष-दोन वर्षांच्या पुढे करतात. थोरल्याच्या जनुकातला दोष नेमका कळला असेल तर भावंडांच्या रक्तात तोच शोधता येतो आणि निकाल स्पष्ट मिळतो. लक्षणं नसताना आजार सापडला तर बऱ्याचदा नुसत्या जस्तावर भागतं. अशी मुलं शाळा, नोकरी, संसार सगळं इतरांसारखं करू शकतात, गोळी मात्र चुकवायची नाही. "काही झालेलं नाही तर औषध कशाला?" हा प्रश्न तपासणीच्या खोलीत हमखास येतो. यकृताच्या चाचण्यांचे आकडे आणि लघवीतलं तांबं समोर ठेवून डॉक्टरांनी त्याचं उत्तर त्याच दिवशी द्यावं, आणि ते आई-वडिलांबरोबर आजीलाही ऐकू द्यावं.